आंब्याच्या पेटीतल्या निळ्या पट्ट्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ऐकायला माणूस नव्हतं असं नव्हे — माणसं होती, वेळही होता, नोकरी सुटलेल्या माणसाकडे वेळाशिवाय दुसरं असतं काय? पण जीभ उचलली नाही. आता तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका. तुम्ही आमच्या वाडीतले नाही, मला ओळखत नाही, तेवढं पुरे आहे.

गोष्टीत एक यंत्र आहे. यंत्राचा दोष काही नाही, ते बिचारं तोंडाशी येईल ते कापायचं. कागद कापायचं यंत्र, श्रेडर. केराच्या डब्याएवढं, वर काळं डोकं, डोक्याला एक लांबट फट. फटीत कागद धरला की आत ओढून घ्यायचं आणि खालच्या डब्यात त्याच्या पट्ट्या पडायच्या, शेवयांसारख्या. आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. मालवणपासून तासाभरावर असलेल्या आमच्या वाडीत, जिथे त्या काळी मिक्सरही चारच घरांत होते, तिथे माझ्या घरी हे यंत्र होतं. हसू येतं ना? लोकही हसले.

ते आलं कुठून, ते आधी सांगतो. मी मुंबईत एका खाजगी कंपनीत आवक-जावक कारकून होतो. आलेलं प्रत्येक टपाल वहीत नोंदायचं, शिक्का मारायचा, ज्याचं त्याला पोचवायचं. गेलेलं टपाल दुसऱ्या वहीत. अठ्ठावीस वर्षं हेच. माझ्या टेबलावरून एक पोस्टकार्डसुद्धा कधी गहाळ झालं नाही, हे मी अभिमानाने सांगत असे. शेवटची काही वर्षं जुने कागद कापायचं कामही माझ्याकडे आलं. त्याचे नियम दोनच. कागद फटीत नेहमी उभा घालायचा, म्हणजे ओळींचे तुकडे होतात आणि कुणाला काही वाचता येत नाही. आणि ज्या पत्राला उत्तर गेलेलं नाही, ते कापायचं नाही.

हे दोन्ही नियम लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत.

सन दोन हजारमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली — स्वेच्छा कुणाची, ते जाऊ दे. शेवटच्या दिवशी सामानाची वाटणी झाली. कुणी पंखा घेतला, कुणी खुर्ची, एकाने भिंतीवरचं घड्याळ काढलं. भिडस्त स्वभावामुळे मी मागे राहिलो आणि यंत्रही मागे राहिलं. मग ते मांडीवर घेऊन कोकण रेल्वेने कणकवलीला उतरलो. घरी आये, म्हणजे माझी आई, पडवीत बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मुंबैसून लोक टेपरेकॉर्डर हाडतत, मिक्सर हाडतत. तू ह्या काय हाडलंस रे, मधू?"

पण मला ते आवडायचं, हे खरं. मी लग्न केलं नाही. मुंबईत अठ्ठावीस वर्षं गावच्या मंडळींच्या एका खोलीत काढली, आम्ही अकरा जण. प्रत्येकाला एक ट्रंक आणि भिंतीला एक खिळा. कुणाचं पत्र आलं की अकराही जण वाचायचे, वर त्याला सल्ला द्यायचे. मला त्या खोलीत कधी एकट्याने खाजवताही आलं नाही म्हणाना. घरी परतताना माझी इच्छा एवढीच होती की एक खोली असावी, त्यात एक टेबल असावं, आणि कुणी आत येऊ नये.

ती खोली मिळाली. घराच्या उगवतीकडची, माडांकडे खिडकी असलेली. ती पूर्वी माझ्या बहिणीची होती. सुगंधा, माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी, वैभववाडीच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी दिलेली. तिची खोली म्हणजे काय, तर कपडे ठेवायला टांगलेली एक दांडी आणि कोपऱ्यात चटई. मी तिथे फणसाच्या फळ्यांचं टेबल करून घेतलं. टेबलाच्या बाजूला यंत्र. समोर माड. असं सुख मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिले काही महिने वाडीतले लोक यंत्र बघायला यायचे. कुणी जुळत नसलेल्या पत्रिका घेऊन यायचं, कुणी लग्नाच्या पत्रिका. लग्नपत्रिकेवर गणपती असतो, टाकता येत नाही, जाळता येत नाही. मग आधी कात्रीने गणपती कापून बाजूला ठेवायचा आणि उरलेले वधूवर आत सोडायचे. वीज असली तर. नसली तर वधूवर अर्ध्यात अडकून राहायचे.

तुम्ही म्हणाल, घरात चूल धडधडत असताना कागद कापायचं यंत्र कशाला? तर आमच्या घरी लिहिलेला कागद चुलीत घालायची चाल नव्हती. आयेला अक्षर येत नव्हतं. म्हणूनच असेल कदाचित, कागदाला पाय लागला तर ती वाकून नमस्कार करायची. "अक्षरां जाळूक नयेत," म्हणायची. पट्ट्यासुद्धा तिने कधी टाकू दिल्या नाहीत. डबा भरला की ती त्या एका गोणत्यात भरायची आणि गोणता माळ्यावर. कधीतरी उपयोगी पडतील म्हणे. मी हसायचो.

असो. मी मूळ मुद्द्याभोवती फिरतोय, हे मला कळतंय.

सुगंधाचा नवरा मी येण्याच्या वर्षभर आधी वारला होता. मूलबाळ नव्हतं. ती सासरीच राहिली, दीर-जावेच्या घरात. तिची पत्रं महिना-दोन महिन्यांनी यायची, निळी अंतर्देशीय. तिच्याकडे फोन नव्हता, आमच्याकडेही नव्हता. ती सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं, टपोरं. पत्र आयेच्या नावाने. पण आयेला वाचता येत नाही, म्हणजे वाचणार मी. आये केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत बसायची आणि मी वाचायचो. वाचून झालं की पत्र पडवीतल्या तारेत ओवायचं.

दोन हजार एकच्या श्रावणात एक पत्र आलं. सुरुवात नेहमीची — ती. आईस सुगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. मग लावणी झाली, पाऊस बरा आहे, वगैरे. मी मोठ्याने वाचत होतो. मग खाली असं होतं: जाऊ तांदळाच्या कणगीला कुलूप लावते. मला पडवीत निजायला घातलं आहे. मी कुणाला दोष देत नाही. पण आये, दादाला सांग, मला एकदा न्यायला ये. तिकडे गोठा झाडायला लागला तरी झाडीन.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. सणाला लेक आपल्या पायांनी येईल. पण माहेरी राहायला यायचं — आणि तेही कपाळ पुसल्यावर — तर भावाने मुराळी होऊन जावं लागतं. भाऊ दारात उभा राहिला की सासरच्यांच्या देखत मानाने निघता येतं. बाई आपली आपण निघाली तर ती पळाली असंच म्हणतात, आणि मग मागचंही दार बंद, पुढचंही. मला काय करायचं होतं? दोन गाड्या बदलायच्या, साडेतीन तास. पायात चप्पल घालायची, एवढंच.

त्या सगळ्या ओळी मी मनात वाचल्या आणि पहिल्यांदा दारातून टेबलाकडे बघितलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. तुम्हाला वाटेल, बहिणीवर जुना राग असेल, घराच्या वाट्याची भीती असेल. काही नव्हतं. सुगंधा चांगली होती. लहानपणी माझ्या पाठीवर बसून तिने मला नदी ओलांडायला लावली होती, मुंबईला निघताना माझी ट्रंक धरून रडली होती. राग असता तर निदान काही कारण तरी झालं असतं. मला फक्त ती खोली द्यायची नव्हती. टेबल हलवायचं नव्हतं. दुपारी माडांकडे बघत बसलो असताना पलीकडे बांगड्या वाजलेल्या — तिच्या तर तेव्हा बांगड्याही नव्हत्या — पण कुणाची चाहूल नको होती. काही महिन्यांच्या त्या शांततेची मला चटक लागली होती.

माझं तोंड पुढे वाचत गेलं. "बाकी सर्व खुशाल. तुझ्या तब्येतीला जप." हे पत्रात नव्हतं.

आयेने हातातला हीर थांबवला. "इतक्यांच?"

"इतक्यांच."

"येवचा काय लिवल्यान नाय?"

"नाय."

तिने हीर बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तूच एकदा जावन ये रे. बघून ये."

आणि मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, "बोलावल्याशिवाय बहिणीच्या घराक कसो जाव, आये?" आयेला ते पटलं. रीतीला धरूनच होतं ना.

ते पत्र मी तारेत ओवलं नाही. दोन दिवस टेबलावर दगडाखाली होतं. तिसऱ्या दिवशी वीज होती, आये परसात होती. यंत्र सुरू केलं. अंतर्देशीय पत्र बोटाने फाडलेलं असतं, त्याची कड वेडीवाकडी, डिंकाची. उभं घातलं तर ती कड फटीत अडकली. मग आडवं घातलं. सुरळीत गेलं. आडव्या घातलेल्या कागदाच्या ओळी तुटत नाहीत, पट्टीवर पट्टी अख्खी ओळ राहते — हे मला ठाऊक नव्हतं का? मुंबईत नव्या शिपायांना मीच शिकवायचो. पण बघणार कोण होतं? आयेला अक्षर येत नव्हतं.

एक सांगू? हाताने फाडलं असतं तर हाताला काहीतरी वाटलं असतं. यंत्राचं तसं नव्हतं. घर्र झालं, डब्यात निळ्या शेवया पडल्या, आणि मी हात धुवून जेवायला बसलो. त्या दिवशी अळवाचं फदफदं होतं, तेही आठवतं.

उत्तर लिहितो असं आयेला म्हणालो. लिहिलं नाही.

दुसरं पत्र दिवाळीला आलं. त्यात तेच, जरा कमी शब्दांत. मी आयेला वाचून दाखवली ती दिवाळीची खुशाली, माझ्या मनाची. तिसरं आलं शिमग्याला. ते छोटं होतं. त्यातली एक ओळ मी तुम्हाला जशीच्या तशी सांगू शकतो, कारण ती मी पुढे पुन्हा वाचली: दादा येणार नसेल तर तसं एका ओळीत कळव, म्हणजे मी वाट बघायची सोडीन.

एका ओळीत! अठ्ठावीस वर्षं दिवसाला पन्नास पाकिटांवर पत्ते लिहिणारा माणूस मी. ती एक ओळ मी लिहिली नाही. 'येत नाही' असं लिहिलं असतं तर मी वाईट ठरलो असतो. काहीच लिहिलं नाही की माणूस फक्त विसराळू ठरतो. दोन्ही पत्रं आडवी कापली. आता सवय झाली होती.

मग मे महिना आला.

आमची हापूसची दोन कलमं आणि परसात एक रायवळ. विकण्याइतके आंबे नसतात, पण घरात एक शिरस्ता होता — पहिली पेटी सुगंधाला. ती गेल्याशिवाय आये आंब्याला तोंड लावायची नाही. पेटी ती स्वतः भरायची, मला हात लावू द्यायची नाही. तळाला पेंढा, मग आंब्यांचा थर, मग पेंढा. सुगंधाला रायवळ आवडायचा, म्हणून रायवळातले दोन आंबे आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात गुंडाळून मधोमध ठेवायची. वरून काथ्याने बांधायची, तिची एक गाठ होती, ती दुसऱ्या कुणाला सुटायची नाही. पेटी नाक्यावरून दोनच्या वैभववाडी गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. ठरलेल्या दिवशी तिकडे स्टँडवर सुगंधा येऊन घ्यायची. इतकी वर्षं चाललेलं, कुणाला काही सांगावं लागत नसे.

त्या दिवशी मी मालवणला गेलो होतो, केस कापायला आणि विजेचं बिल भरायला. तीन वाजता परतलो. आये खुशीत होती.

"पेटी गेली," म्हणाली. "पेंढ्याक वाळवी लागलेली. मगे माळ्यावरसून तुझो गोणतो काढलंय. पेंढ्यापरास मऊ आसत रे पट्ट्यो. निळ्यो होत्यो, त्यो सगळ्यो वयर घातलंय. बऱ्यो दिसतत."

मासे विकून रिकामी पाटी घेऊन नाक्याकडे परतणारी बायजाकाकी पेटी डोक्यावर घेऊन गेली होती. गाडी सुटून तास झाला होता.

मी आधी स्वतःला समजावलं. कापलेला कागद कोण वाचतो? मग ओटीवर एक पट्टी पडलेली दिसली. निळी. उचलली. टपोरं अक्षर, अख्खी ओळ, एक काना तुटलेला नाही: दादा येणार नसेल तर तसं एका ओळीत कळव, म्हणजे मी वाट. पुढचे शब्द खालच्या पट्टीवर असणार. म्हणजे पेटीत.

तेव्हा घाम फुटला, तो मात्र खरा. पण कशाचा, ते बघा. माझं बिंग फुटलं म्हणून फुटलेला घाम होता तो. दुसरी गोष्ट मला रात्री जेवताना सुचली. पेटी आयेने भरली होती. आयेची गाठ, आयेच्या लुगड्याचा तुकडा, आयेने हाताने वर मांडलेल्या निळ्या पट्ट्या. सुगंधा ती पेटी उघडणार, आपलं अक्षर ओळखणार, आणि तिला काय वाटणार? दादाने पत्रं लपवली असं? दादाचा तर त्या पेटीत मागमूसही नव्हता. तिला वाटणार, आयेने ऐकली सगळी पत्रं. आयेने हे उत्तर पाठवलं.

तरी अजून सावरता आलं असतं. दुसऱ्या दिवशी दोनची गाडी होती, मी जाऊन बसलो असतो तर संध्याकाळी तिच्या दारात असतो. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी टेबलापाशी बसलो होतो. गाडीचा हॉर्न तिथपर्यंत ऐकू येतो.

आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. अंतर्देशीय नव्हे, उघडं कार्ड, पोस्टमनने वाचावं, शेजाऱ्याने वाचावं असं. ती. आईस सा. न. आंबे पोचले. गोड होते. निरोप समजला. काळजी नसावी. — सुगंधा.

हे मी मात्र सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. घाबरलो होतो म्हणून.

"निरोप?" आये म्हणाली. "खंयचो निरोप? मी खंय निरोप दिलंय?"

"लिवायची पद्धत असता गो ती." मी पत्रांतला जाणकार. तिने मान हलवली.

त्यानंतर चार वर्षं फक्त पोस्टकार्डं. आंबे पोचले. पाऊस बरा. काळजी नसावी. तिने पुन्हा कधी काही मागितलं नाही. आये दर चतुर्थीच्या आधी ती खोली शेणाने सारवायची आणि मला सांगायची, "ह्या टेबल जरा सरकय रे. सुगंधा इलाच तर तिका झोपाक जागा व्हयी." मी टेबल वीतभर सरकवायचो. गणपती पोचले की परत जागेवर. शेवटी शेवटी ती म्हणायची, "रमला थंय. बरां झाला." म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. लेक आपल्याला विसरली असं धरून ती बसली होती, आणि लेक तिकडे, आयेने आपल्याला टाकलं असं धरून. मधे मी, दोघींचं टपाल सांभाळणारा.

दोन हजार सहाच्या कार्तिकात आये गेली. आजारी अशी नव्हती. सकाळी पेज प्यायली आणि पडवीत कलंडली.

सुगंधा निरोप मिळाल्याबरोबर आली. पाच-सहा वर्षांत ती फार वाळली होती. शाळेत मुलांची खिचडी शिजवायला जायची, हातांवर चटक्यांचे डाग. कणगीचं कुलूप तिने असंच, आपल्या हाताने सोडवलं होतं. बारा दिवस राहिली. त्याच खोलीत, टेबलाच्या आणि यंत्राच्या मधल्या जागेत चटई टाकून. मी म्हटलं, टेबल सरकवतो. म्हणाली, नको, असूदे. रडली नाही. सगळं काम केलं, पाहुण्यांचं, भटजींचं, पानांचं. माझ्याशी वागताना वावगा शब्द नाही. मी मनात म्हणायचो, विसरली असेल.

तेराव्या दिवशी ती निघायची होती, दोनच्या गाडीने. आमच्यात आई गेली की तिचं एक लुगडं लेक नेते, ते अंगावर घेऊन निजते. सुगंधाने दांडीवरून आयेचं हिरवं लुगडं उचललं. त्याच्या पदराचा एक कोपरा फाटलेला होता, चौकोनी तुकडा गेलेला. ती त्या कोपऱ्यावरून बोट फिरवत उभी राहिली. मग घडी करून पिशवीत ठेवलं. मी दारात होतो. माझ्याकडे पाठ ठेवूनच तिने विचारलं,

"दादा, माझी सगळी पत्रां आयेक वाचून दाखवलंस मां?"

आता तुम्ही जे धरून चालला होतात, की माझा गुन्हा म्हणजे ती कापलेली पत्रं — तर खरा गुन्हा तो नव्हे. तो मी कधीचा पचवला होता. मला सांगायचं आहे ते इथलं.

तिने पिशवी भरली होती. लुगडं आत होतं. म्हणजे पाच वर्षं मनात काय असेल ते असो, तिने आयेला बरोबर न्यायचं ठरवलं होतं, आणि जाण्याआधी एकदा विचारून घेत होती. तिला हवं होतं ते 'नाय'. मी 'नाय' म्हणालो असतो तर तिची आई तिला मिळाली असती. मेलेली का होईना, मिळाली असती. आये आता कशालाच उत्तर द्यायला नव्हती, तिच्या वतीने बोलणारा मीच एक होतो. आणि मला काय गमवायचं होतं? बहीण तोंडावर थुंकली असती. पुन्हा पायरी चढली नसती. एवढंच. माझं टेबल तर कुणी नेणार नव्हतं.

मी म्हणालो, "होय. सगळी."

स्वच्छ आवाजात म्हणालो. अडखळलोही नाही.

ती वळली नाही. मग वाकून पिशवीतलं लुगडं काढलं, घडी न मोडता परत दांडीवर ठेवलं. हाताने एकदा सारखं केलं.

"मगे रवांदे," म्हणाली.

आणि चप्पल घालून नाक्याकडे गेली. मी पोचवायला गेलो नाही. हॉर्न ऐकू आला, तेव्हा कळलं गाडी मिळाली.

याला चार वर्षं होतील. यंत्र खाऱ्या हवेने गंजलं, पाती एकमेकांना धरून बसली आहेत, टेबलाखाली पडून आहे. मी पेटी पाठवत नाही, तीही कार्ड पाठवत नाही. ती अजून शाळेत खिचडी शिजवते, असं तिकडून येणारे सांगतात. तब्येत बरी आहे म्हणे. म्हणजे सांगायचं तर अजूनही सांगता येईल. एक ओळ आहे — आयेला काही ठाऊक नव्हतं. मी ती तुम्हाला सांगितली, तुम्ही कोण कुठचे. तिला सांगितलेली नाही.

दोनची गाडी रोज जाते. लुगडं दांडीवर आहे. त्याच्या खाली माझं टेबल आहे, तिथे बसून मी हे लिहिलं.